पोटात दुखतंय!

गेल्या जूनमध्ये परीक्षा आटोपून मी घरी होतो. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. त्या दिवसांत आमच्या घरी रोज सकाळी एक प्रवेश न चुकता होत असे. वहिनी माझ्या पाच वर्षांच्या पुतण्याला गणवेश घालू लागली, की तो पोट धरून खाली बसे आणि म्हणे, "पोटात दुखतंय." पहिल्या दिवशी त्याला ओवा दिला. दुसऱ्या दिवशी हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला. चौथ्या दिवशी दादा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली आणि काही नाही म्हणून सांगितले. मग घरात निकाल लागला, "नाटकं करतोय. शाळा चुकवायचीय लबाडाला!" त्या दिवसापासून ओव्याऐवजी धपाटे मिळू लागले. पोटदुखी मात्र थांबली नाही.

शेवटी कोडे सोडवले ते माझ्या आजीने. आजी तिसरी-चौथीपर्यंत शिकलेली. ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. सुपातली मान वर न करताच ती म्हणाली, "अरे, त्याच्या पोटात खरंच दुखतंय. घरात बहीण आलीय ना त्याला!"

दोनच महिन्यांपूर्वी वहिनीला मुलगी झाली होती. बारशाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने या पोराची थट्टा केली होती. "काय रे, संपले आता तुझे लाड! आई आता बाळाची. तुला देऊन टाकणार बोहारणीला!" सगळे हसले होते. तोही हसला होता. आणि आता रोज सकाळी बाळ आईच्या कुशीत राहत होते आणि याची रवानगी शाळेत होत होती.

दुपारी मी त्याला परसात घेऊन गेलो आणि विचारले, "बाळ आईजवळ राहतं आणि तुला शाळेत जावं लागतं, म्हणून तुला कसंतरी होतं का रे?" तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारले, "काका, बोहारीण कधी येणार आहे?"

त्या एका प्रश्नाने मी वरमलो. बारशाच्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो. दोन महिने हे पोर भांड्यांची टोपली घेऊन येणाऱ्या बाईची वाट बघत होते, आणि त्या भीतीला त्याच्याजवळ शब्द नव्हता. जो शब्द होता तो त्याने प्रामाणिकपणे वापरला. दुखत होते, आणि पोटातच दुखत होते.

या प्रसंगानंतर मला जे वाटू लागले, ते आज आपल्यापुढे मांडतो आहे. लहान मुलांना आपण रंग शिकवतो, फळे शिकवतो, आठवड्याचे वार शिकवतो. पण त्यांच्या मनात जे चालते त्याची नावे मात्र आपण त्यांना शिकवत नाही. ती आपोआप येतील असे गृहीत धरतो. माझ्या मते ही नावे शिकवणे हे भाषाशिक्षणाचेच काम आहे. ते लाडाकोडाचे काम नव्हे, की केवळ मानसोपचारतज्ज्ञाचेही नव्हे. म्हणूनच ते कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी आपले मानावे.

आजीने जो उलगडा केला तो भाषेनेच केला, हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्याचे बरे झालेले पाहून आपल्या 'पोटात दुखते', असे मराठी माणूस कित्येक पिढ्या म्हणत आला आहे. त्याला भीती वाटली की 'पोटात गोळा येतो'. कुणाचे दुःख पाहून त्याच्या 'पोटात तुटते'. राग आला की 'तळपायाची आग मस्तकात जाते', धक्का बसला की 'हातपाय गळतात', काळजी वाटली की 'जीव टांगणीला लागतो' आणि ती मिटली की 'जीव भांड्यात पडतो'. आपल्या बोलीने भावनेचा पत्ता शरीरात लिहून ठेवला आहे. लहान मुलालाही भावना आधी शरीरातच कळते. त्याच्या पोटात गोळा येतो, घसा दाटतो, कान गरम होतात, मुठी वळतात. यातल्या कशाला भीती म्हणतात आणि कशाला राग, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते.

आता आपल्या वर्गाकडे वळू. साहित्यशास्त्राच्या तासाला आपण भरतमुनींचे नाट्यशास्त्र अभ्यासतो. आठ स्थायी भाव, तेहेतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव मिळून एकोणपन्नास भाव आपण पाठ करतो. त्यातले सात्त्विक भाव म्हणजे काय? स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे जागच्या जागी थिजणे, घाम फुटणे, अंगावर काटा येणे, आवाज चिरकणे, थरथरणे, चेहऱ्याचा रंग उडणे, रडू येणे आणि भान हरपणे. नट रंगमंचावर जे मुद्दाम करून दाखवतो, ते पाच वर्षांचे पोर रोज सकाळी दारात उभे राहून करत असते. नाटकातल्या पात्राचा 'वेपथू' आपण उत्तरपत्रिकेत बरोबर ओळखतो आणि पुरे गुण मिळवतो. घरातल्या पोराचा वेपथू दिसला, की "नाटकं करतो" म्हणून मोकळे होतो. व्यभिचारी भावांच्या यादीत 'असूया' आहे, 'शंका' आहे, 'विषाद' आहे. बारशाच्या दिवशी माझ्या पुतण्याच्या तोंडावर हे तिन्ही भाव लिहिलेले होते. परीक्षेपुरते शिकलेल्या मला ते वाचता आले नाहीत.

धाकट्या भावंडाविषयीचा हा हेवा काही आमच्या घरचीच गोष्ट नाही. चार्ल्स डार्विनने आपल्या पहिल्या मुलाच्या वाढीची टिपणे ठेवली होती. ती त्याने १८७७ साली प्रसिद्ध केली. वडिलांनी एका मोठ्या बाहुलीला कुरवाळले तेव्हा, आणि तान्ह्या बहिणीचे वजन केले तेव्हा, त्या मुलाने मत्सर स्पष्टपणे दाखवला, अशी नोंद त्यात आहे. त्या वेळी मुलाचे वय होते साडेपंधरा महिने. भावना इतक्या लवकर येते, तिचा शब्द मात्र पुष्कळ उशिरा येतो. मधल्या काळात मुलाच्या हाती राहते ते रडणे, चावणे, वस्तू फेकणे, अंथरूण ओले करणे किंवा पोटात दुखणे.

शब्द कसे येतात, याचाही पुष्कळ अभ्यास झाला आहे. अगदी लहान मुलाच्या दृष्टीने जगात दोनच गोष्टी असतात, बरे वाटणे आणि वाईट वाटणे. मग 'आनंद', 'राग' आणि 'दुःख' असे मोठाले कप्पे पडतात. सुरुवातीला भ्यालेला चेहरा, चिडलेला चेहरा आणि रडवेला चेहरा मूल एकाच कप्प्यात टाकते. भीती, आश्चर्य, किळस हे कप्पे हळूहळू वेगळे होतात. एकाच वेळी दोन विरुद्ध भावना मनात असू शकतात, हे तर सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला सांगणे फार अवघड जाते. माझ्या पुतण्याला बहीण आवडतही होती आणि नकोशीही वाटत होती. "तुला बाळ आवडतं ना?" असे कुणी विचारले की तो "हो" म्हणे, आणि ते खोटे नव्हते. दुसरी अर्धी गोष्ट सांगायला जागाच उरत नव्हती, इतकेच.

चेहरे ओळखणे हा या शिक्षणाचा एक भाग झाला. पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यू गिनी बेटावरच्या फोरे जमातीत जाऊन चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य यांचे चेहरे जगभर सारखे, असे मत त्याने मांडले. बालवाडीच्या भिंतीवर आज जे गोल चेहऱ्यांचे तक्ते लागतात आणि मोबाइलमध्ये जे पिवळे चेहरे नाचतात, त्यांच्या पाठीशी बरीचशी हीच समजूत आहे. पण २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला आणि दाखवून दिले, की नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. माणूस रागात कपाळाला आठ्या घालतोच असे नाही, आणि आठ्या घालणारा प्रत्येकजण रागावलेला नसतो. आपल्या आजीला हे सांगायला नको. बारशाला पुतण्या हसत होता आणि आतून भेदरला होता. तक्ता पाहणाऱ्याने त्या चेहऱ्याखाली 'आनंद' लिहिले असते. म्हणून तक्ता असावा, पण तक्त्यावर भागवू नये. प्रसंग काय आहे, अंगात काय होते आहे आणि चेहरा काय सांगतो आहे, ही तिन्ही मिळून भावना वाचावी लागते.

नाव दिल्याने होते तरी काय, असे कुणी विचारील. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत मॅथ्यू लिबरमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना भेदरलेले, संतापलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेचे नाव निवडायला सांगितले, तेव्हा मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली आढळली. त्याच चेहऱ्याला नुसते स्त्रीचे किंवा पुरुषाचे नाव जोडायला सांगितले, तेव्हा तसे झाले नाही. हा प्रयोग प्रौढांवर होता. तो मुलांना जसाच्या तसा लावणे बरोबर नाही. पण अनुभव आपल्यालाही आहे. रात्री अंधारात काहीतरी हलले की छाती धडधडते. "अरे, दोरीवरचं धोतर आहे" असे कुणी म्हटले, की तीच छाती शांत होते. मनातल्या अंधारातही तसेच होत असावे. ज्याला नाव नाही ते फार मोठे वाटते.

मग नावे द्यायची सोडून आपण काय करतो? मोठी माणसे मुलांशी जे बोलतात ते एक आठवडाभर लक्ष देऊन ऐका. "रडायचं नाही." "काही लागलेलं नाहीये तुला." "त्यात काय घाबरायचंय?" "शहाण्या मुलांना राग येत नाही." मूल पडते, गुडघा खरचटतो, आणि आपण जमिनीला फटका मारून म्हणतो, "हात रे, मार त्या जमिनीला!" दुखणे राहते बाजूला, मुलाला शिकायला मिळतो सूड. दुकानात मूल खेळण्यासाठी हटून बसते, तेव्हा आपण "तो बघ पोलीस आला" म्हणून एक भावना दुसरीने दडपतो. यातले एकही वाक्य दुष्टपणाने उच्चारलेले नसते. पण सगळ्यांचा अर्थ एकच होतो, की तुला जे वाटते आहे ते तुला वाटत नाही. मूल मोठ्यांवर विश्वास ठेवते. त्यामुळे ते स्वतःच्या पोटावर अविश्वास ठेवायला शिकते.

यात मुलगा-मुलगी हा भेद आणखी घोटाळा करतो. "मुलगा असून रडतोस?" या एका वाक्याने मुलाच्या हातून दुःख, भीती आणि लाज काढून घेतली जातात, उरतो फक्त राग. "मुलीच्या जातीला इतका राग शोभत नाही" या वाक्याने मुलीच्या हातून राग काढून घेतला जातो, उरते फक्त रडणे. पुढे वीस वर्षांनी यांचे लग्न लागते, तेव्हा एकजण ओरडतो आणि दुसरी रडते. दोघांपैकी कुणालाच काय झाले ते सांगता येत नाही, याचे मग आपल्याला नवल वाटते.

याहून गंभीर अशीही एक गोष्ट आहे. "जा, काकांच्या मांडीवर बस. पापी दे त्यांना." मूल आईच्या पदरामागे लपते, मान फिरवते. आपण हसून त्याला पुढे ढकलतो. त्या वेळी मुलाच्या मनात जे असते त्याला संकोच म्हणतात, कधी किळस म्हणतात, कधी भीती. बहुतेक वेळा समोरचे काका सज्जनच असतात. पण सगळेच तसे नसतात. म्हणून तर आपल्या देशाला २०१२ साली लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. कायदा पुढे सरकायचा तर मुलाने आधी कुणाला तरी सांगितले पाहिजे. "मला ते आवडलं नाही", "मला भीती वाटते", "मला किळस आली", एवढे बोलता येण्यासाठी ते शब्द त्याच्याजवळ असले पाहिजेत. आणि पूर्वी कधीतरी ते शब्द उच्चारल्यावर कुणीतरी ते खरे मानल्याचा अनुभवही त्याला असला पाहिजे. ज्याला पाच वर्षे "तुला काही झालेलं नाही" असेच सांगितले आहे, ते मूल सहाव्या वर्षी कुणाला काय सांगणार?

आता करायचे काय, ते सांगतो. मी काही तज्ज्ञ नाही. वाचलेले आणि घरात करून पाहिलेले तेवढेच सांगतो. मूल हातपाय आपटत असते तेव्हा शिकवायला जाऊ नये. त्या वेळी जवळ बसावे, त्याला आणि इतरांना इजा होणार नाही एवढे पाहावे. ते शांत झाल्यावर बोलावे. "का रडलास?" हा प्रश्न शक्यतो विचारू नये, कारण 'का' चे उत्तर मोठ्यांनाही देता येत नाही. त्याऐवजी आपण एक शब्द पुढे करावा, तोही अंदाज म्हणून. "तुझा मनोरा दादाने पाडला, म्हणून तुला राग आला का?" आपला अंदाज चुकला तर मूल "नाही" म्हणून सांगते, आणि ते "नाही" म्हणणे हाही त्याचा अभ्यासच होय. भावना मान्य करावी, कृती मान्य असेलच असे नाही. "राग आला हे बरोबर, पण चावायचं नाही. राग आलाय असं तोंडाने सांग." हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणावे लागते आणि अकराव्या वेळी मूल चावतेच. तरी म्हणत राहावे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मोठ्यांनी स्वतःच्या भावनांची नावे घ्यावीत. "आज बस चुकली म्हणून मी वैतागलोय, तुझ्यावर नाही रागावलो," हे बाबांच्या तोंडून ऐकलेले एक वाक्य भिंतीवरच्या दहा तक्त्यांहून अधिक शिकवते. गोष्ट सांगतानाही मध्येच थांबून विचारता येते, "कावळ्याचं घर वाहून गेलं, तेव्हा त्याला कसं वाटलं असेल रे?" चिऊ-काऊची गोष्ट प्रत्येक घरात आहे. तिच्यासाठी कोणतेही साहित्य विकत आणावे लागत नाही.

शब्दांच्या बाबतीत तर आपण श्रीमंत आहोत. मूल रुसते, फुगते, हिरमुसते, खट्टू होते, बावरते, भेदरते, ओशाळते, कावरेबावरे होते, चिडते, त्रागा करते, हरखते. हिरमुसणे आणि रुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरमुसलेल्या मुलाला जवळ घ्यावे लागते आणि रुसलेल्याची समजूत काढावी लागते. एवढा बारीक फरक सांगणारी भाषा घरात असताना आज कितीतरी मराठी घरांतली मुले फक्त 'हॅपी', 'सॅड' आणि 'अँग्री' या तीन शब्दांवर दिवस काढत आहेत. इंग्रजीत बारीक शब्द नाहीत असे मी म्हणत नाही, पुष्कळ आहेत. पण ते आपल्या घरात कुणी बोलत नाही. परकी भाषा तीन शब्दांपुरती आली आणि आपली तीसही सोडून दिली, असा हा व्यवहार आहे. खेड्यातल्या मुलाची तऱ्हा निराळी. ते म्हणते, "मला वंगाळ वाटतंया." शाळेत त्याला आधी शुद्ध बोलायला सांगितले जाते. त्याला काय वाटते आहे ते विचारायचे राहूनच जाते. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात भावनिक विकासालाही स्थान आहे आणि मातृभाषेतून शिकवण्यावरही भर आहे. मला या दोन गोष्टी एकच वाटतात.

या विचाराला घरातच विरोध झाला, तोही नोंदवतो. वडील म्हणाले, "आम्हाला कुणी नव्हतं विचारलं कसं वाटतं म्हणून. आमचं काय बिघडलं?" यावर मी त्यांना काही उत्तर दिले नाही. पण माझे आजोबा वारले तेव्हा वडिलांनी एक अक्षर न बोलता सबंध दिवस विहिरीचा पंप खोलून दुरुस्त केला होता, हे मला आठवते. तो पंप बिघडलेला नव्हता. दुसरा आक्षेप असा, की अशाने मुले हळवी होतील, जगाचे टक्केटोणपे सोसणार नाहीत. मला उलटे वाटते. ज्याला आपल्या भीतीचे नाव ठाऊक आहे तो तिच्याशी झगडू तरी शकतो. ज्याला ती पोटदुखी वाटते तो जन्मभर ओवा खात बसतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. दिवसभर रानात खुरपणी करून आलेल्या किंवा बांधकामावर विटा वाहून आलेल्या आईने चूल पेटवायची, की मुलाच्या भावनांना नावे देत बसायचे? हे सगळे खाऊनपिऊन सुखी घरांतले चोचले आहेत, असे कुणी म्हटले तर त्याला उडवून लावता येणार नाही. पण इथे आपल्याच मातीतला एक दाखला आहे. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघाचे काम सुरू केले. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले यांवर काम भागवले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि गावोगाव अंगणवाड्या झाल्या. आज गरीब आईचे मूल दिवसाचे काही तास जिच्यापाशी असते, ती अंगणवाडी सेविका. मुलांचे वजन, पोषण आहार आणि नोंदींची कामे यांतून तिला उसंत मिळाली आणि तिच्या प्रशिक्षणात या विषयाला जागा मिळाली, तर जे काम आईला सवडीअभावी जमत नाही ते तिथे होऊ शकेल. या कामाला शंख-शिंपलेही लागत नाहीत.

आणि आपणही काहीच करू शकत नाही असे नाही. आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. आपण खड्डे खणतो, रस्ते झाडतो, पथनाट्य करतो. त्यातला एक तास गावच्या अंगणवाडीत गोष्टी सांगायला दिला तर? मराठीच्या विद्यार्थ्यांनी भावनांचे बोलीतले शब्द गोळा करावेत, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यांची वयाप्रमाणे मांडणी करावी. अशी एक छोटी पुस्तिका आपल्या दोन विभागांना मिळून एका वर्षात सहज करता येईल, असे मला नम्रपणे वाटते. प्राध्यापकांनी मनावर घ्यावे.

मात्र त्याआधी आपण स्वतःचा शब्दसंग्रह तपासून पाहावा. कॅन्टीनमध्ये आपण काय बोलतो? "टेन्शन आलंय." "बोअर झालं." "मूड नाही." परीक्षेची भीती, मित्राने तोडलेला शब्द, घरच्या परिस्थितीची लाज, कुणाबद्दल वाटणारी ओढ, या सगळ्याला आपल्यापाशी 'टेन्शन' हा एकच शब्द आहे. माझ्या पुतण्याच्या 'पोटात दुखतंय' पेक्षा आपण फार पुढे गेलो आहोत असे मला वाटत नाही. तो निदान नेमकी जागा तरी सांगत होता.

त्याची पोटदुखी काही जादूने थांबली नाही. दादाने त्याला जवळ घेऊन सांगितले, की बोहारीण जुने कपडे नेते, मुले नेत नाही. वहिनीने संध्याकाळची पंधरा मिनिटे केवळ त्याच्यासाठी राखून ठेवली, त्या वेळी बाळ आजीकडे. तरी पुढचे तीन आठवडे अधूनमधून पोटात दुखतच होते. मी परत यायला निघालो त्या दिवशी सकाळी तो गणवेश घालून दारात उभा होता. मला म्हणाला, "काका, आज पोटात नाही दुखत. आज मी रुसलोय. तू चाललास म्हणून."

वसतिगृहात पोहोचलो त्या रात्री मला जेवण गेले नाही. खोलीतल्या मित्राने विचारले, "काय रे, काय झालं?" सवयीने तोंडातून निघून गेले, "काही नाही, जरा पोट बरं नाहीये." मग माझे मलाच हसू आले. म्हटले, "पोट बरं आहे. घरची आठवण येतेय." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मलाही येते." त्या रात्री आम्ही दोघे बऱ्याच उशिरापर्यंत बोलत होतो. एकाच खोलीत राहायला लागून तेव्हा आम्हाला दोन वर्षे झाली होती.